कमांडची खंडेनवमी

मु. पो. पाली, ता. जि. बीड
दसऱ्यानंतरचा सोमवार

चिरंजीव जावईबापू विजयसिंह यांस,

पालीहून अर्जुनरावाचा आशीर्वाद. तुम्ही वयाने लहान म्हणून आशीर्वाद, आणि जावई म्हणून नमस्कारही. दोन्हींपैकी जो आवडेल तो ठेवून घ्यावा. तुमची तब्येत ठीक असेल, पुण्याचं जेवण मानवत असेल. दिंद्रुडला व्याहीबुवांचा गुडघा कसा आहे, विहीणबाईंची शुगर कुठवर आली, याची खबर बरेच दिवस नाही, तरी दोघांनाही आमचा रामराम कळवावा. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा ते लिहिलं असं समजा. सायलीची आई बरी आहे. सायलीही बरी आहे. (ती महालक्ष्म्यांच्या आधी आली ती अजून इथेच आहे, हे मी तुम्हाला वेगळं कळवावं असं नाही. तुम्हाला मालूम आहेच.) गावात लोक विचारतात, पोरगी यंदा लई दिवस राहिली? मी सांगतो, हवापालट. बिंदुसरेच्या काठाला हवा चांगली असते हे खोटं नाही, पण आता महालक्ष्म्या झाल्या, पितर जेवून गेले, देवी बसली आणि उठली, तरी ही हवा काही पालटून होईना, आणि मला दुसरं कारण सुचेना.

फोन सोडून पत्र कावून, असं तुमच्या मनात येईल. फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत, मीटिंगमध्ये असाल. पुन्हा करावा म्हटलं, तर आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते आणि त्या खिडकीत हल्ली सायली बसलेली असते. शिवाय फोनवर मला गंभीर बोलता येत नाही, मध्येच 'हॅलो, हॅलो' करावं लागतं, आणि ज्या विषयावर लिहायचं तो विषय गंभीर आहे. विषय म्हणजे तुम्ही दिलेला कॉम्प्युटर. दुसरा कोणताही विषय या पत्रात नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही तुमच्या ऑफिसातून मोडीत निघालेला तो लॅपटॉप घेऊन आलात आणि त्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घालून दिलीत. (दिवाळसणाला सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं, इथे उलटं झालं, त्यावर शेजारच्या साखराबाईंना जे बोलायचं ते त्या गल्लीभर बोलून मोकळ्या झाल्या.) तुम्ही म्हणाला होतात, मामा, मशीन म्हातारं आहे, जड काही झेपणार नाही, याला हलकंच बरं. मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर उमर काढलेला माणूस. चित्रांवर टिचक्या मारून काम करून घेण्यापेक्षा हुकूम सोडून काम करून घेणं मला जास्त मानवतं, आणि कमांड म्हणजे दुसरं काय, हुकूमच. तुम्ही दर रविवारी चहाच्या वेळेला फोन करायचात आणि एकेक कमांड शिकवायचात. एलएस म्हणजे काय काय आहे ते दाखव. सीपी म्हणजे नक्कल कर. एमव्ही म्हणजे इथून उचल, तिथे ठेव. इको म्हणजे मी बोलतो ते माझ्या मागून बोल. (याचा उपयोग मला त्या वेळी कळला नव्हता. नंतर कळला, तो पुढे येईल.) तिकडे सायली तुमच्या शेजारी बसून खुसुखुसु हसायची, ते मला इकडे ऐकू यायचं. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, ह्यांना एवढं काय शिकायचं पडलंय या वयात? त्यांना काय सांगणार, जावईबापू. कमांड हे निमित्त होतं. आठवड्यातून एकदा पोरगी हसलेली ऐकू येते, एवढ्यासाठी माणूस कसलीही भाषा शिकेल. तर तो रविवारचा दस्तूर महालक्ष्म्यांपासून बंद पडला. माझी तक्रार नाही. पण शिकणाऱ्याला अर्ध्या वाटेत सोडलं की तो स्वतःच्या अकलेने चालू लागतो, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

असाच एक रिकामा रविवार. चहा झाला, फोन वाजला नाही. मी मोबाईलवर एका पोराचा व्हिडिओ लावला. तो पोरगा सांगत होता की एलएसच्या पुढे अमुक एक शब्द जोडला, तर मशीन फोल्डर आधी दाखवतं आणि सुट्या फायली नंतर. मला ते मनापासून पटलं. फोल्डर म्हणजे घरं, फायली म्हणजे सुटी माणसं. घरांचा मान आधी. आपल्याकडे लग्नात पंगत बसवतात तीही कोण कुठे बसणार हे बघूनच बसवतात. (तुमच्या लग्नात पंगतीवरून झालं ते झालं, तो विषय इथे नको.) मी तो शब्द जशाला तसा टाईप केला. तर मशीन मला म्हणालं, असा पर्याय मला माहीत नाही. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, सायलीच्या आईच्या देखत! पुन्हा टाईप केलं, पुन्हा तेच उत्तर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या व्हिडिओतला पोरगा पुढे सांगत होता की ही सगळी मूळ अवजारं, म्हणजे दाखवणारं, नक्कल करणारं, उचलून ठेवणारं, ओळी मोजणारं, यांचा एक गठ्ठा असतो. जुन्या हलक्या सिस्टीममध्ये तो गठ्ठाही जुना असतो. तो बदलून घ्यावा. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, कबूल. पण मी विचारायला तुम्ही फोन उचलायला पाहिजे होता.

सायलीच्या फोनवरून नेट घेतलं (कशासाठी ते न सांगता) आणि नव्या अवजारांचा गठ्ठा उतरवून 'नवी' या नावाच्या फोल्डरात सोडून ठेवला. उतरायला लई वेळ लागला, कारण त्याच वेळी ती त्याच फोनवर तुमचे दोघांचे महाबळेश्वरचे फोटो बघत बसली होती. (हे मी पाहिलं नाही. सायलीच्या आईने पाहिलं आणि मला सांगितलं. मी म्हटलं, मला कशाला सांगता?) नवी अवजारं आली, आता जुनी काढायची. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमी तुमच्याकडे दिंद्रुडलाही होते, पण पुण्यात राहून विसरला असाल म्हणून लिहितो. घरातली सगळी हत्यारं धुवून पुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांची ती सुट्टी असते. आमच्या पाटावर विळे, खुरपी, कोयता, नटबोल्टचे पाने, सायलीच्या आईची शिवणाची कात्री, आणि कालव्याचं दार उचलायचा एक लोखंडी दांडा. (हा दांडा निवृत्तीच्या वेळी माझ्याबरोबर घरी आला. खात्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.) यंदा मी त्यांच्यात तुमचा लॅपटॉपही मांडला. मांडता मांडता मनात आलं, की अरे, याच्या पोटात जी अवजारं आहेत तीही हत्यारंच. इतकी वर्षं राबली. त्यांना पुसून टाकायचं आणि त्यांच्या जागी नवी आणून बसवायची, याला काही रीत आहे का? मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल-नारळ दिला होता. (शाल आखूड होती, पण दिली होती.) तेव्हा मी ठरवलं की जुन्या कमांडना मानाने एका जागी बसवायचं, त्यांची पूजा करायची आणि मगच त्यांची जागा नव्यांना द्यायची.

मी 'खंडेनवमी' नावाचं फोल्डर केलं, आणि कमांड जिथे राहतात त्या जागेतलं जे जे काही होतं ते सगळं एमव्हीला सांगून एका हुकमात त्या फोल्डरात हलवलं. तुमच्या या हलक्या सिस्टीममध्ये मी बसल्या जागी मुख्य मालक असतो, 'साहेब, खरंच करू का?' असं ती तोंडदेखलंसुद्धा विचारत नाही. आमच्या खात्यात गंजलेला खिळा काढायचा तर कार्यकारी अभियंत्यांची सही लागायची. इथे सगळं घरदार एका ओळीत उठून गेलं. एमव्हीनेही मागे राहायचं नाही म्हणून स्वतःला उचलून नेलं आणि ती बाकीच्यांबरोबर जाऊन बसली. मला मोठं समाधान वाटलं. सायलीच्या आईने पडद्याच्या कडेला हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला, कापूर लावला. (कापूर मी जरा लांब धरायला लावला.) आरती झाली. सायलीही टाळ्या वाजवत मागे उभी होती, आणि तिने मशीनकडे बघून तोंड फिरवलं, ते मी पाहिलं.

आरती झाल्यावर म्हटलं, आता नव्या मंडळींना जागेवर बसवू. एमव्ही टाईप केलं. मशीन म्हणालं, अशी कमांड सापडली नाही. म्हटलं, बरं, नक्कल करू. सीपी. सापडली नाही. मग निदान काय काय उरलंय ते तरी बघू. एलएस. सापडली नाही. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. उचलून ठेवणारीलाच उचलून ठेवल्यावर आता ठेवलेलं उचलणार कोण? जावईबापू, कालव्यावर मी नव्या पोरांना घसा फाटेस्तोवर सांगायचो, की नवं दार जागेवर आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका, गाव वाहून जाईल. आणि इथे मी जुनं दार काढून त्याला हळदीकुंकू लावून बसलो होतो. घाबरून जे येईल ते टाईप केलं. सगळ्याला नाही म्हणालं. एक इको तेवढी जागेवर होती, ती म्हणे मशीनच्या जिभेवरच असते. मी टाईप केलं, इको, कुणी आहे का? मशीन म्हणालं, कुणी आहे का? मी आणखी काही लिहिणार तोच सायलीच्या आईने मनगट धरलं आणि म्हणाली, "आवं, काय करतासा? मांडलेल्या हत्याराला सोनं लुटस्तोवर हात लावायचा न्हाई!" मी हात मागे घेतला. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि शास्त्र तिच्या बाजूने होतं.

आता खरी फजिती पुढे. तुम्हीच एका रविवारी शिकवलं होतं की मशीन बंद होऊन परत उठतं, तेव्हा याच छोट्या अवजारांचा हात धरून उठतं. म्हणजे ते बंद पडलं की परत उठणार नाही. त्याची बॅटरी कशी आहे ते तुम्ही जाणताच, एक भाकरी भाजून होईपर्यंत तग धरत नाही. आणि पालीची लाईट कशी आहे तेही जाणता. माझा जीव टांगणीला लागला. नशिबाने देवीचा मांडव आमच्या दारासमोरच होता, आणि मांडवाचा जनरेटर आसारामचा. आसाराम म्हणजे मांडव आणि भोंग्यावाला, तुमच्या लग्नात ज्याचा माईक ऐन मंगलाष्टकांत शिट्टी मारत होता, तोच. त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले, बाकी सगळं केलं, आणि जनरेटरची एक वायर खिडकीतून आत घेतली. त्याने विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, आत पूजा मांडलीय. यात एकही शब्द खोटा नव्हता. वायरीला हात लावायला सायलीच्या आईचीही हरकत नव्हती, कारण वायर काही पाटावर नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी देवीची मिरवणूक निघाली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की देवी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणार आणि जनरेटरही त्याच ट्रॉलीत जाणार. घरी लाईट नाही. सोनं अजून लुटायचं होतं, म्हणून मशीनला हात लावायचा नाही, आणि वीज तर सोडायची नाही. मग एकच मार्ग उरला. पाटाला हात लावायला मनाई नव्हती. मी आणि आसारामने लॅपटॉपसकट अख्खा पाट उचलला (विळे-कोयते उतरवायचे नव्हते, तेही आले) आणि नेऊन ट्रॉलीत देवीच्या शेजारी ठेवला. हादऱ्याने पडू नये म्हणून कुणीतरी धरून बसायला पाहिजे होतं. सायलीची आई म्हणाली, मी न्हाई बाई, गाव हसंल. सायलीच वर चढली, मांडी घालून बसली आणि पाट मांडीवर घेतला. तशी आमची मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मग ट्रॉलीत देवी, देवीशेजारी माझी लेक, तिच्या मांडीवर झेंडू घातलेलं मशीन, आणि मशीनच्या पडद्यावर 'कुणी आहे का?' अशी अक्षरं. मी बाजूने चालत होतो, मान खाली घालून. लोकांनी देवीवर गुलाल टाकला तसा थोडा मशीनवरही टाकला. एका बाईने पाटावर सुपारी ठेवून नमस्कार केला.

बिंदुसरेच्या काठावर पोचलो. सोनं लुटलं, गळाभेटी झाल्या, देवी पाण्यात शिरवायला उचलली. तेवढ्यात साखराबाई ट्रॉलीपाशी आल्या, मशीनकडे बघितलं, त्यावरच्या हळदीकुंकवाकडे बघितलं, पदर खोचला आणि पाटाला हात घालत म्हणाल्या, "आर्जुनराव, ह्येलाबी आताच शिरवायचं का?" आणि सायली हसली. जावईबापू, महालक्ष्म्यांनंतर पहिल्यांदा हसली. पाट हातातून निसटेल इतकी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, ते साखराबाईंनाही कळलं आणि त्यांनी पाटावरचा हात काढून घेतला. मी तिथे गुलालात उभा होतो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला वाटलं, मशीनचं काय व्हायचं ते होऊ द्या. माझं पोरगं असं का रडतंय, तेवढं कुणीतरी मला सांगा.

असो. विषय मशीनचा आहे. ते घरी आणलं, ते आजही पाटावर आहे. चालू आहे, पण कामाचं नाही. काही सांगितलं तर ओळख देत नाही. हे काम फोनवर सांगून होणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. कालव्यालाही कधी फोनवरून दुरुस्त केलेलं मी पाहिलेलं नाही. माणूस स्वतः जागेवर यावा लागतो, बघावं लागतं, हात घालावा लागतो. तेव्हा तुम्ही सवड काढून स्वतः यावं. शनिवारी निघालात तर रविवार पूर्ण मिळेल. बीडच्या स्टँडवरून पालीला यायला कितीसा वेळ लागतो. एवढं मनावर घ्यावं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला वर लिहिलेले दोन्ही.

आपला,
अर्जुनराव

ता. क. येताना नवा चार्जर मिळाला तर आणावा. नाही मिळाला तर त्यासाठी एखादा रविवार वाया घालवू नये. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल. तुमच्या सासूबाईंनी धपाट्यांसाठी पीठ दळून आणलंय. कुणासाठी ते त्या सांगत नाहीत.

ता. क. वर लिहिलं की दुसरा कोणताही विषय नाही. तर ते तसं नाही. सायली आम्हाला जड झालेली नाही, हे आधी नीट वाचा. ती इथे जन्मभर राहिली तरी या घरात तिच्या ताटाला जागा आहे. पण ती अर्धी भाकरी खाऊन उठते. रविवारी चहाच्या वेळेला फोन घेऊन खिडकीत जाऊन बसते आणि निवडलेलीच मेथी पुन्हा निवडते. तुमच्यात काय झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आईजवळ एवढंच बोलली, की निघताना तुम्ही म्हणालात, तुझी तू निघालीस, तुझी तू ये. आणि ती म्हणाली, न्यायला आलात तरच येईन. दोघंही आपापल्या शब्दाला चिकटून बसलात. मी आणून सोडतो म्हणालो, तर म्हणाली, "आप्पा, तुमी सोडाया आलात तर मी परत पाठवलेली होते. त्यांनी न्यायला आलं तर मी गेलेली होते." आता तुम्हाला विनवतो, जावईबापू. मी खात्यात कुणापुढे वाकलो नाही. तुमच्यापुढे वाकतो. न्यायला या.

ता. क. पाकीट बंद करायला घेतलं, पण खोटं आत घालून चिकटवायला हात होईना. मशीन दुरुस्त झालेलं आहे. दसऱ्यालाच झालं, तिथेच, काठावर. सोनं लुटून झाल्यावर सायलीने डोळे पुसले, आता हात लावायला हरकत नाही ना म्हणून आईला विचारलं, आणि पाट मांडीवर ठेवूनच एक ओळ टाईप केली. सगळ्या कमांड परत आपापल्या जागी. मी चाटच पडलो. म्हणाली, आप्पा, नुसतं नाव घेऊन हाक मारली की मशीन ठरलेल्या जागीच बघतं, तिथे दिसलं नाही की नाही म्हणतं. ती कुठे जाऊन बसलीय त्याचा पूर्ण पत्ता देऊन हाक मारली तर ती जिथे असेल तिथून उठून येते. मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? म्हणाली, दर रविवारी मी शेजारीच बसलेली असायची की. आणि पुन्हा तोंड फिरवलं. नव्या अवजारांचंही तिने घरी येऊन बघितलं. ती या जुन्या मशीनवर चालतच नाहीत, त्यांना खालचा पायाच नवा लागतो. जुनीच बरी आहेत म्हणाली. तेव्हा कॉम्प्युटरसाठी तुम्ही येण्याची काही गरज उरलेली नाही. तरी या. सायलीला या पत्राचं काही मालूम नाही, तुम्हीही कळू देऊ नका.

ता. क. हे अक्षर माझं आहे. आप्पांनी पाकीट चिकटवायला आईकडे दिलं आणि आईने माझ्याकडे. वाचलं. आप्पा आता शेताकडे गेलेत. आप्पा कधी खोटं लिहीत नाहीत, आणि माझ्यासाठी त्यांना लिहावं लागलं, ते मला बघवलं नाही. म्हणून मी आत्ताच सगळ्या कमांड परत त्या फोल्डरात नेऊन ठेवल्यात आणि बटण दाबून मशीन बंद केलंय. आता ते उठत नाही, मी बघितलं. एका ओळीचं काम आता राहिलेलं नाही, पेनड्राइव्ह लावून तुम्हालाच बसावं लागेल. म्हणजे मशीन कामाचं नाही, असं आप्पांनी आधी लिहिलंय ते आता खरं आहे. फोन करून सांगू नका, या. शनिवारी मी बीडच्या स्टँडवर येऊन थांबते. तेवढी वाट माझी, बाकीची तुमची.
– सायली